बाबांच्या गोळीचा चुरा

प्रिय आई,

तुम्हा दोघांना वाकून नमस्कार. मी इथे मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं.

आमच्या दवाखान्यातलं यंत्र ज्याच्या त्याच्या मापाची औषधाची गोळी छापून देतं. आज एका चिमुरडीसाठी मी पहिल्यांदाच एकटीने गोळी काढली, मसुराएवढी. पठ्ठीने न रडता गिळली!

ती गोळी काट्यावर तोलताना तू आठवलीस. बाबांची रक्तदाबाची गोळी ब्लेडने अर्धी करतेस आणि वाया कशाला घालवायचा म्हणून चुरा स्वतःच्या तोंडात टाकतेस. अजूनही टाकतेस ना? मग तू मागच्या पत्रात लिहिलेली चक्कर उन्हाचीच कशावरून? चुरा फेकून दे आणि डॉक्टरांना खरं काय ते सांग.

बाबांना मात्र सांगू नकोस. तुझ्यासाठी चुरा उरू नये म्हणून ते अख्खी गोळी गिळतील.

तुझीच,
धाकटी