ओठ दिसले पाहिजेत

ती मिशी आधी काढ. अडीच तास सिनेमाला बसले, सोबत मेव्हिसला नेलं, आणि पडद्यावर तुझ्या नाकाखाली नुसती केरसुणी! एक शब्द वाचता आला नाही. तू रडत होतास की शिंकत होतास, देव जाणे. मेव्हिस म्हणते, सेनापतींना मिशा असतातच. असतील. त्यांच्या आज्या बहिऱ्या नव्हत्या.

प्रिय रसेल,

आता रीतसर सुरू करते. मी बरी आहे, गुडघा तसाच आहे. तुझ्या घशातल्या गाठीचं तुझ्या आईनं सांगितलं. त्या गाठीकडे शेवटी येते, आधी बाकीचं ऐकून घे.

परवा पेपरातून मुलाखत घ्यायला एक मुलगी आली होती. तिनं कागदावर लिहून विचारलं, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचं तुमचा नातू लंडनच्या नाट्यशाळेत शिकला ना? मी म्हटलं, बाई, तो हे माझ्या स्वयंपाकघरात शिकलाय. चौदाव्या वर्षी मी कापडगिरणीत मागावर उभी राहिले. चारशे मागांच्या खडखडाटात आवाज काय कामाचा? आम्ही बायका ओठांनीच बोलायचो, शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मुकादमाची अब्रूही तशीच काढायचो, त्याच्या तोंडावर. तू जन्मायच्या आधीच गिरणीनं माझे दोन्ही कान खाऊन टाकले होते. त्यात तुझे आजोबा खाणीत रात्रपाळीला, दिवसा वरच्या खोलीत झोपलेले. म्हणून शाळेतून आलास की मटण-बटाट्यावर ताव मारत तू सगळ्या मास्तरांच्या नकला बिनआवाजी करायचास. तोंडात घास घेऊन बोललास की मी चमचा हाणायचे. वळण लागावं म्हणून नाही, वाचता यायचं नाही म्हणून.

लंडनला राजाचं काम केलंस तेव्हा शेजारचा एक म्हातारा पहिल्या अंकातच डोळे पुसायला लागला. त्याला म्हटलं, माझा नातू आहे तो, रुमाल जपून वापरा, अजून बरंच मरायचंय त्याला. आणि ते मोठं बक्षीस घेताना तू माइकपुढे थांबलास, ओठ हलले, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, भावनेनं कंठ दाटला. दाटला कसला! मेव्हिस माझ्या शेजारच्या मागावरची, तिनंही तुझे ओठ वाचले. 'आजी, पँट फार घट्ट आहे,' असं म्हणालास तू, अख्ख्या देशासमोर. आम्ही दोघी हसून हसून खुर्चीतून घसरायच्या बाकी होतो.

तर आता गाठ. डॉक्टर म्हणतात, लगेच कापा, नाहीतर जिवावर बेतेल. तू म्हणतोस, कापली तर आवाज जाईल, आणि आवाज गेल्यावर मी उरलो कशाला; म्हणून नाटकाचे सगळे प्रयोग संपेपर्यंत थांबतो. मूर्खा, नीट वाच. शाळेच्या नाताळच्या नाटकात तू मेंढी झालास, तेव्हापासूनचं तुझं एकूण एक काम मी पाहिलंय. इंग्लंडात तुझ्या तोडीचा नट नाही, हे मी कुणाच्याही दारात उभी राहून सांगेन. आणि तुझा आवाज मी एकदाही ऐकलेला नाही. जाड आहे की बारीक, तेसुद्धा मला ठाऊक नाही. सोमवारी जा आणि ती गाठ काढून घे. काढल्यावर मला कळवायचं ते तू स्वतः, तुझ्या हातानं. तुझ्या आईनं लिहायचं नाही. ती सगळं गोड करून लिहिते.

तुझीच,
आजी