म्हैस, सासू आणि पुढची जागा

३ ऑक्टोबर
पुन्हा पुढेच! सहा वर्षं नदीवर बाबांच्या रबरी राफ्टमध्ये वल्हं मारतेय, पण मागची, राफ्ट वळवणाऱ्या गाईडची जागा अजून त्यांचीच. तिथून फर्मान सुटतं — "सांग गं, पुढे काय आहे?" की मी ओरडायचं — "डावीकडे म्हैस! उजवीकडे सासू!" खडकांची नावं त्यांनीच ठेवलेली. म्हैस वाट अडवते, सासू टोचते. पर्यटक पोट धरून हसतात. मी काय पोपट आहे?

६ ऑक्टोबर
पाणी हिरवंगार, तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ. कड्यावर ढग टेकलेले. एक बँकवाले साहेब वल्हं असं धरून बसले, जणू पंगतीत वाढायला निघालेत! पहिल्याच लाटेत चष्मा गेला, तोराही गेला. नंतर लहान मुलासारखे किंचाळत होते. मजा आली.

९ ऑक्टोबर
राफ्टिंग कंपनीचे मालक म्हणाले, "पोरी, महिनाअखेरीस तुझी परीक्षा. पास झालीस तर स्वतंत्र राफ्ट." नाचायचीच बाकी होते! मला नवा परवाना, बाबांचा जुना वाढवून घ्यायचा — दोघांनीही डॉक्टरी तपासणीचा दाखला आणायचा. बाबा म्हणाले, "बघू." दोन वर्षं हेच चाललंय. आई म्हणते, "दवाखान्याचं नाव काढलं की यांना हजार कामं आठवतात."

१३ ऑक्टोबर
आज चुकले. सकाळी बाबांना म्हटलं, मागे मी बसते. "अजून वेळ आहे." झालं! मीही हट्टाला पेटले — पुढे बसले, पण तोंडाला कुलूप. त्यांनी दोनदा विचारलं, तरी गप्प.
आणि म्हैस आली. खोलीएवढा खडक, लख्ख ऊन — बाबांनी राफ्ट सरळ त्यावर नेली! सगळे पाण्यात. कुणाला खरचटलंही नाही, नशीब. पर्यटक तर "परत एकदा" म्हणत होते. बाबा मात्र काठावर एकटेच जाऊन बसले. मालकांना म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं." माझं नाव काढलं नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
पण सव्वीस वर्षांचा हात, आणि म्हैस चुकते?

१४ ऑक्टोबर
राफ्टला ठिगळ लावलं.

१५ ऑक्टोबर
मालकांनी दाखल्यासाठी दोघांना दवाखान्यात पाठवलंच. आधी मी — तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली. मग बाबा. डॉक्टरांनी सगळ्यात वरचं, पंजाएवढं अक्षर दाखवलं. बाबांनी मागे हात करून माझं मनगट धरलं. हळूच म्हणाले,
"सांग गं, पुढे काय आहे?"