आपल्या तुतीचं रेशीम कुठे गेलं

चि. मारोतीस,

न्यूझीलंडच्या लोअर हटहून भास्करदादाचा जय भीम. आम्ही इथल्या वाऱ्यात टोपी धरून खुशाल आहोत. तुझा गुडघा आणि गोठ्यातली मंडळी कशी आहेत ते कळव. (गुडघ्याचं आधी.)

संघमित्राला, म्हणजे नातीला, शाळेत प्रोजेक्ट आलाय: जुन्या अमेरिकेत सरकारनं रेशमासाठी दिलेली बक्षिसं. व्हर्जिनियात म्हणे तुती लावली नाही तर दंड, आणि रेशीम काढलं तर बक्षीस तंबाखूचं! (आपले नाना तिथे असते तर त्यांनी उशाशीसुद्धा किडे पाळले असते.) लोकांनी झाडं लावली, बक्षिसं उचलली, रेशीम मात्र चिमूटभर. मी म्हणालो, येडीच माणसं. आपण रेशीमवाले, (हसू नकोस) सांग तुझ्या टीचरना, आबा घरचा धागा काढून देतील. टीचरबाईंनी लगेच डबा भरून वीस अळ्या धाडल्या.

मग मीच सरकार झालो. जाहीर केलं, दहा कोषांमागे एक आइस्क्रीम. पोरीनं अख्ख्या वर्गाच्या अळ्या घरी आणल्या. शेजारच्या गोऱ्या आजीची तुती आम्ही पार बोडकी केली. (बिचारी रोज 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणत स्वतःच कात्री हातात देते.) तीनशे कोष झाले, त्यातला एक माझ्या कानटोपीत, आणि फ्रीजरमध्ये आइस्क्रीममुळे मटाराला जागा नाही.

यूट्यूबवर बघून मी कोष उकळायला पातेलं ठेवलं, तर संघमित्रा हात आडवा घालून उभी. "आबा, दे आर अलाइव्ह! पाणातिपाता वेरमणी! यू टॉट मी दॅट!" (जीवहत्या न करण्याचं पहिलं शील. शिकवलं मीच. दर रविवारी वंदनेला, वर 'मोठ्यांदा म्हण' म्हणून.) सूनबाई सिंककडे तोंड करून हसत होती. गॅस बंद केला. आठवड्यात पाखरं कोषांना भोकं पाडून बाहेर आली, धाग्याचे तुकडे झाले आणि पडद्यांवर अंडी. पुढच्या महिन्यात शाळेत प्रदर्शन आहे. नातीपुढे माझी लाज राख, बाजारातून रेशमाची एक लड घेऊन धाड. घरचीच आहे म्हणेन.

तुझा दादा,
भास्कर

ता.क. कोष धाडू नकोस. इथे विमानतळावर चपलेची मातीसुद्धा तपासतात.

ता.क. दुसरा: हे पत्र संघमित्राला वाचून दाखवलं. (कळतं सगळं, वाचता येत नाही.) तिनं विचारलं, मग तुमच्या तुतीचं रेशीम कुठे गेलं? खोटं बोलवेना. सांगून टाकलं की तुती लावायचं सरकारी अनुदान आपण घेतलं, पानं शेळीनं खाल्ली, आणि मी जिवंत अळी पहिल्यांदा पाहिली ती लोअर हटमध्ये. पोरगी टुणकन उडाली. "आबा, यू आर जस्ट लाइक द अमेरिकन्स! स्वीट ॲज!" (म्हणजे इथलं 'लई भारी'.) आता प्रदर्शनात धाग्याच्या जागी मीच उभा राहणार आहे. तेव्हा लड राहू दे. शेळीचा फोटो धाड. ती आता नसेलच. तिची नात चालेल.