वासंतीबाईंची उतरलेली पेटी

रविवार, २ फेब्रुवारी

गेले होते बाथरूम शोधायला, परत आले झांजा घेऊन!

स्वारगेटला निकिताची वाट बघत होते. ती "निघालेच" म्हणून अंघोळीला गेलेली, नेहमीप्रमाणे. मागच्या गल्लीत शाळेचं फाटक उघडं दिसलं, घुसले. वरच्या हॉलमध्ये ही माणसं — व्हायोलिनं, तबले, गिटारी, एक पेटी, एक बासरी. हौशी वाद्यवृंद म्हणे. पेटीवरच्या बाईंनी मला चष्म्यावरून बघितलं. "बाथरूम खाली आहे. आता वर आलीच आहेस तर त्या झांजा उचल." झांजवाला मुलगा नोकरीला बंगलोरला पळालाय. उचलल्या. एकदा भलत्याच जागी वाजवल्या. सगळ्यांनी वळून बघितलं. पुण्यात तेवढं पुरतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी

पेटीवाल्या त्या वासंतीबाई, रिटायर्ड नर्स. बासरीवाले रावसाहेब, रिटायर्ड ड्रॉइंग मास्तर. सरावाआधी सगळे आपापली वाद्यं बाईंच्या पेटीला जुळवतात. आणि ती पेटीच उतरलेली! म्हणजे सूर हवा त्याच्यापेक्षा जरा खाली. सगळ्यांना माहीत आहे. मग सगळेच खाली उतरतात, झालं. दुरुस्त का नाही करत, असं मी संजय सरांना विचारलं. (आमचे म्होरके. एरवी आयटीत.) चाललंय ना, म्हणाले.

रावसाहेब मात्र दर वेळी म्हणतात, "बाई, आपली पेटी उतरलीय."

वासंतीबाई म्हणतात, "हो का."

मग सराव सुरू. आरतीसारखं ठरलेलं आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

२३ तारखेला शाळेच्या पटांगणात कार्यक्रम! रावसाहेब एकटे वाजवणार, साथीला फक्त पेटी. गेलं वर्षभर छातीच्या दुखण्यानं त्यांची बासरी बंद होती, सरावाला नुसते येऊन बसायचे. डॉक्टरांनी आत्ता कुठे परवानगी दिली. चहाचा कप धरतात तेव्हा हात थरथरतो. बासरी धरली की थांबतो! तेच बघत बसले आणि माझ्या झांजा राहिल्या.

निकिता म्हणते गोव्याला चल, हॉस्टेलात काम आहे. वाशिमहून आल्यापासून चार नोकऱ्या सोडल्या मी. पाचवी सोडायला नको म्हणून अजून धरलीच नाही. बघू.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाईंच्या पेटीचा एक सूर चिरकतो. मार्केट यार्डाजवळ पेट्या दुरुस्त करणाऱ्या उत्तरेश्वरकाकांकडे नेऊन दे म्हणाल्या. तेवढाच करायचा, बाकीला हात लावू द्यायचा नाही.

काका गावाला गेलेले. दुकानात त्यांचा मुलगा शंभू. म्हणाला, अख्खी पेटीच उतरलीय, सुरात लावून टाकू का सगळी? मला तेव्हा फुलबाजार बघायची घाई झालेली. आणि वाटलं, बाईंना सरप्राइज! म्हटलं, टाक लावून.

झेंडूचे काय ढीग होते पण!

रविवार, १६ फेब्रुवारी

मेले.

पेटी सुरात आली, म्हणून सगळ्यांनी व्हायोलिनं चढवली. गिटारी चढवल्या. तबलेवाल्यानं ठोकून ठोकून तबला चढवला. बासरी कशी चढवणार? बांबूच तो, पिळायला खुंटी थोडीच आहे! रावसाहेबांनी एकदा वाजवून बघितलं. दोघांचे सूर असे घासले एकमेकांवर, की माझेच दात शिवशिवले. दुसरी बासरी आणू का, विचारलं. म्हणाले, या मापाच्या बासरीवर बोटं बसायला माझं आयुष्य गेलं, आता आठवड्यात काय होतंय? मग ती पुसून पिशवीत ठेवली.

"पेटी आता बरोबर आहे. माझं राहू द्या."

वासंतीबाई मला रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

बाईंनी गुलटेकडीला घरी बोलावलं. कपाटात साड्यांच्या खालून एक जुनी बासरी काढली. चिरलेली, दोरा गुंडाळलेली, रावसाहेबांच्या बासरीएवढीच. "उत्तरेश्वरला दे. पेटी हिच्याशी जुळव म्हणावं." मी विचारलं, कुणाची ही? तर म्हणाल्या, खाली रिक्षा थांबलीय. खाली रिक्षाबिक्षा काही नव्हती!

पेटी आणि बासरी सांभाळत गेले. काका गावाहून आलेले. बासरी बघून हसायलाच लागले. "ही परत आली का? मागं बाईंनी हीच आणली होती. पेटी एकदम सुरात होती तेव्हा. मी म्हटलं, बाई, चांगली पेटी कशाला उतरवताय? तर म्हणाल्या, त्या गृहस्थाला बासरीचं माप बदलायचं नाही, मग काय करू?"

म्हणजे पेटी उतरली नव्हती. बाईंनी उतरवून घेतली होती! रावसाहेबांसाठी! आणि वर इतकी वर्षं त्यांचेच टोमणे ऐकतात — हो का, हो का.

कुणाला सांगायचं नाही ठरवलंय. निकिताला जवळजवळ सांगितलंच होतं, पण तिनं आधी तिचं सुरू केलं. वाचले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पेटी आली. छान बिघडलीय!

रविवार, २३ फेब्रुवारी

सगळे खाली उतरलो. रावसाहेब बसले, बासरी ओठाला लावली, परत काढली. "बाई, आपली पेटी उतरलीय."

"हो का."

आणि वाजवलं त्यांनी! मध्ये एकदा दम संपला. बाईंनी पेटीचा सूर नुसता धरून ठेवला, ते परत येईपर्यंत. पुढच्या रांगेतले एक आजोबा त्यांच्या बायकोला म्हणाले, बरं होतं. म्हणजे फारच आवडलं.

शेवटच्या सामूहिक वादनात मी अजून त्या बासरीतच. झांजा उशिरा वाजल्या, सगळं संपल्यावर. लोकांना वाटलं, शेवट असाच आहे. टाळ्या!

सोमवार, २४ फेब्रुवारी

निकिताला म्हटलं, गोव्याला तू हो पुढे.

रावसाहेबांचा फोन. "अपेक्षा, पेटी उतरवायला नेलीस त्या बासरीची चीर वाढली नाही ना? दोरा मीच गुंडाळला होता." मी तर त्यांना बासरीचं काहीच बोलले नव्हते! म्हटलं, तुम्हाला ठाऊक होतं? मग दर वेळी टोमणा कशाला मारता?

"मग काय, आभार मानू? एवढ्या माणसांत?"