उजव्या कानातल्या दोन वायरी

आप्पा,

हे लिहायचं मी बारा दिवस टाळत आलोय. टाळण्यात मी पहिल्यापासून हुशार, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दहावीचा फॉर्म भरायला कराडला पाठवलं होतंत, तर मी संगमावर पोहणाऱ्या म्हशी बघत बसलो आणि फॉर्म तसाच खिशात घडी घालून परत आणला. या बारा दिवसांत मी बूट धुतले, खोलीतला पंखा पुसला, काही काम नसताना मिरजेला जाऊन आलो आणि रोज वही उघडून 'आप्पा' एवढंच लिहून मिटली. आज सुट्टी आहे, दुपार आहे, बरोबरची पोरं खाली गाडी धूत बसलीत. आता सरळच लिहितो. तुम्हाला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. हे मला तुम्ही गेल्यावर नऊ वर्षांनी, सांगलीत, एका दुकानात हेडफोन निवडताना कळलं. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

तुमचा तो काळा, जड हेडफोन माझ्याकडं आहे. तुम्ही साउंडच्या मिक्सरपुढं बसला की डोक्याला लावायचा तो. लग्न असो, औंधची यात्रा असो, नाहीतर शाळेचं गॅदरिंग, सगळ्या साउंडच्या सामानाला मी हात लावलेला चालायचा, त्या हेडफोनला नाही. एकदा लावला तर केवढ्यांदा ओरडला होतात, "ठेव त्यो खाली! माझ्या कानाची वस्तू हाय ती!" तुम्ही गेल्यावर महिन्याभरात मी घर सोडलं, तेव्हा आईनं सामान विकायला काढलं होतं आणि मी हा गुपचूप पिशवीत टाकला. मग पुणे, मग गोव्यात एका हॉटेलात भांडी, मग वर्षभर ट्रकवर, मध्ये कुठंतरी द्राक्षाच्या बागेत, असं करत करत आता सांगलीला पार्सलं पोचवतो. सगळीकडं हेडफोन बरोबर. पहिल्यापासून त्याची डावी बाजू मुकी होती. मला वाटायचं वायर तुटली असेल. एका कानावर नऊ वर्षं गाणी ऐकली, काही बिघडलं नाही.

बिघडलं ते गेममध्ये. आम्ही खोलीतली तिघं आणि खालच्या खोलीतला जतचा एक जण असे चौघं मिळून मोबाईलवर खेळतो. एका बेटावर उतरायचं आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं. तुम्ही त्याला येडेपणा म्हणाला असता, पण त्यात डोळ्यापेक्षा कान महत्त्वाचा असतो. गवतातनं कुणी चालत आलं तर पावलं कुठल्या बाजूला वाजतात त्यावरनं ओळखायचं. आणि मी रोज मरायचो, तेही नेमका डावीकडून. जतचा बोंबलायचा, "आरं डावीकडनं आला त्यो, डावीकडनं! तू उजवीकडं काय बघतोयस? तिकडं काय सासरा बसलाय व्हय तुझा?" दुसरा म्हणायचा, "ह्यो सोता मरतोय त्ये मरतोय, आमाला बी घिऊन जातोय. गड्या, पाया पडतो तुझ्या, नवा हेडफोन घे."

म्हणून गेलो. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर दुकान आहे, पुढं नवरा मोबाईलची कव्हरं विकतो आणि मागं टेबलावर बायको दुरुस्ती करते. पन्नाशीची बाई, चष्मा कपाळावर, हातात सोल्डरची काडी. मी म्हणालो, "ताई, हेडफोन दाखवा. गेमला पण चालंल आणि रोज गाणी ऐकायला पण." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "सगळ्यास्नी दोन्ही पायजे असतंय. आधी गाडी चालवताना लावणार हायस का, त्ये सांग." मी नाही म्हणालो. "खोटं बोलतोयस," म्हणाल्या आणि तीन खोके काढले. मग शिकवणीच घेतली माझी. कानात खुपसायचा घेतलास तर तासाभरात कान दुखणार. पूर्ण कान झाकणारा घे, पण आतली गादी कापडाची बघ, आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेक्झिनची घामानं सोलून निघती. बिनवायरीचा गाण्याला झ्याक, पण काहींत आवाज जरा मागनं येतोय, गेमात तोवर तू मेलेला असतोयस. आणि नुसता धडामधुडुम वाजणारा घेऊ नकोस, त्या धडाक्यात पावलं बुडून जातात. मला हे सगळं ऐकताना तुमचीच आठवण येत होती. तुम्हीपण मंडपवाल्यांना असंच सांगायचात, "आवाज मोठा नको, मानसाचा शब्द कळला पायजे."

त्यांनी मधला हेडफोन माझ्या डोक्याला लावला आणि मोबाईलवर पावलांचा आवाज सोडला. आप्पा, माझ्या डाव्या खांद्यामागून कुणीतरी चालत आलं. मी दचकून मान वळवली. मागं कव्हरांची रांग फक्त. बाई हसल्या, "घाबरलास व्हय?" मी म्हणालो, "माझ्या जुन्याला डावी बाजूच वाजत न्हाई." म्हणाल्या, "बघू आण." पिशवीत होताच. त्यांनी हातात तोलून बघितला. "ह्यो हेडफोन न्हाई, हेल्मेट हाय," म्हणाल्या आणि स्क्रू काढून दोन्ही कप उघडले.  चष्मा कपाळावरून नाकावर आणला. उजवा कप बघितला, डावा बघितला, परत उजवा.

"ह्यो कुणाचा?"

"वडिलांचा. साउंडचा धंदा होता."

"तुटलेलं काय न्हाई यात. डावा स्पीकर चांगला हाय, मुद्दाम सोडवलाय. दोन्हीकडच्या वायरी उजव्या कपात आणून जोडल्यात. काम बघ किती साफ हाय, वर कापडाची पट्टी बी गुंडाळलीया." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ज्याला एकाच कानानं ऐकू येतंय ना, त्यो असं करून घेतोय. म्हंजे दोन्हीकडचं सगळं एका कानात येतंय. माझ्याकडं एक बँजोवाला येतोय, त्याला असंच करून दिलंय मी." नंतर त्यांनी विचारलं, "जोडून देऊ का होता तसा? दोन मिनटाचं काम हाय." मी नको म्हणालो. त्यांनी उघडा कप माझ्यापुढं सरकवला.

कापडाची पट्टी मी ओळखली. आईच्या निळ्या परकराची होती.

तिथून खोलीवर कसा आलो आठवत नाही. पण सगळं आपोआप सरकायला लागलं, ट्रॉलीवर सामान नीट बांधलेलं नसलं की सरकतं तसं. तुमच्या मिक्सरच्या डाव्या अंगाला तारेनं बांधलेला तो छोटा आरसा. सगळं गाव हसायचं, "आप्पा भांग पाडत्यात आणि मग गाणं लावत्यात." तुम्हीही हसायचा, खिशातला कंगवा काढून दाखवायचा. तो आरसा भांगासाठी नव्हता. डावीकडून कोण येतंय ते बघायला होता. स्वयंपाकघरात जेवताना तुम्ही कायम डावा खांदा भिंतीला लावून बसायचा, पाव्हणे आले तरी ती जागा सोडायचा नाही. रस्त्यानं चालताना मला नेहमी धरून डाव्या बाजूला घ्यायचा. मी मोठा झालो तरी. मला लाज वाटायची, पोरं चिडवायची, मी मुद्दाम उजवीकडं जायचो आणि तुम्ही परत ओढायचा. आणि औंधला यात्रेत तो दिवस. वायर पेटायला लागली होती, मी बाजूला उभा राहून "आप्पा, आप्पा" ओरडत होतो, तुम्ही ढिम्म हलला नाहीत. शेवटी दुसऱ्या कुणी धाव घेतली. तुम्ही उलट मलाच झापलंत, चार माणसांत, "तोंडासमोर येऊन बोलायला काय झालं तुला? बाजूनं काय कोकलतोयस!" मी त्या दिवसापासून तुमच्याशी कमी बोलायला लागलो. बहिऱ्या साउंडवाल्याला कोण काम देणार, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा मला एवढंच वाटलं, की माझी हाक तुम्हाला ऐकायचीच नसते.

आणि आता ज्यासाठी ही वही उघडली ते. तुम्ही गेलात त्या सकाळी आपण भांडलो होतो. मी धंद्यात यायला नाही म्हणालो होतो, तुम्ही म्हणाला होतात, "मग कशाला जगायचं आमी, कुणासाठी?" बाप बोलतो तसं बोलला होतात, जगातला प्रत्येक बाप बोलतो. तासाभरानं तुम्ही बॅटरी आणायला निघालात, हायवेच्या पलीकडं. मी अंगणात मोबाईलवर खेळत होतो. मग टेम्पो. लोक म्हणाले, टेम्पोवाला लांबनं हॉर्न वाजवत येत होता, आप्पानी मान पण वळवली न्हाई, सरळ चालत गेले. दहाव्याला मी मागं उभा होतो तेव्हा एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "घरात काय तरी झालं असणार. हॉर्न ऐकून मानूस चालतंय व्हय?" मी ते शब्द नऊ वर्षं घेऊन फिरलोय, आप्पा. पुण्याला, गोव्याला, ट्रकच्या केबिनमध्ये. माझ्या बापानं मुद्दाम केलं, आणि माझ्या एका 'न्हाई'मुळं केलं. म्हणून मी कुठं टिकलो नाही. म्हणून आईकडं वर्षातनं एकदा जातो आणि दुसऱ्या दिवशी पळतो.

परवा मी आपल्या उंब्रजला जाऊन त्या जागी उभा राहिलो. घरी गेलो नाही, नुसता रस्त्यावर. अलीकडच्या पट्ट्यात गाड्या उजवीकडून येतात. तो पट्टा तुम्ही नीट ओलांडलात. दुभाजकाच्या पलीकडं गेलं की गाड्या डावीकडून येतात. तिथं मी डोळे मिटले, एका कानात बोट घातलं आणि उभा राहिलो. सगळा आवाज एकसारखा होतो. कुठला हॉर्न कुठल्या बाजूचा, काही कळत नाही. मागून कुणीतरी हाताला धरून ओढलं, "मरायचंय का रं तुला?" म्हणून. मी त्या माणसाच्या गळ्यात पडून रडलो. तो बिचारा शेळ्या घेऊन चालला होता, शेळ्या पांगल्या.

तुम्ही मुद्दाम नाही केलं. एवढं एकच वाक्य लिहायला मला बारा दिवस लागले. बघा, लिहिल्यावर किती लहान दिसतंय. हलकं वाटायला पाहिजे होतं, पण त्याच्या पाठीमागून दुसरं येऊन उभं राहिलंय. तुमच्या डाव्या बाजूला जो चालायचा तो मी होतो. लाज वाटायची म्हणून मी जी जागा सोडायला बघायचो, ती जागा म्हणजे तुमचा कान होता.

दुकानातून आलो त्याच दिवशी आईला फोन केला. म्हणालो, "आई, आप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं काय?" ती 'काय?' म्हणाली नाही. 'असं कसं?' म्हणाली नाही. तिनं आधी कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाली, "कुनी सांगितलं तुला?" म्हणजे तिला माहीत होतं. म्हणजे गाव कुजबुजत होतं, तिच्या तोंडासमोर बायका नाकाला पदर लावून बघत होत्या, आणि तिच्याजवळ एका वाक्याचं उत्तर होतं, ते तिनं नऊ वर्षं दिलं नाही. मी ओरडलो, "मग सांगितलं का न्हाईस? लोकास्नी न्हाई तर न्हाई, मला तरी!" ती म्हणाली, "तुला सांगितलं असतं, तर तू काय केलं असतंस रं?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही. शेजारची काकू उचलते, "रानात गेलीया, मागनं कर" म्हणते.

मला वाटतं मला कळलंय तिनं का लपवलं. तिला गावानं काही म्हटलेलं चाललं. 'आप्पा गेले ते तू बरोबर नव्हतास म्हणून', हे मला कळायला नको होतं. पण आप्पा, तिनं सगळं एवढं झाकून ठेवलं ते माझ्या एका खोट्यावर. त्या दिवशी मी तिला, पोलिसांना, सगळ्यांना सांगितलं, की माझ्या दोन्ही कानांत इअरफोन होते, आप्पांनी हाक मारलेली मला कळलीच नाही. तिनं तेवढंच धरून ठेवलं, पोरगं बिचारं ऐकलंच न्हाई. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही आत्ताच सांगतोय. एक इअरफोन खाली लोंबत होता. तुम्ही फाटकातून म्हणालात, "चल की रं माझ्याबरोबर." मी ऐकलं. नीट ऐकलं, आणि मान खाली घालून खेळत राहिलो.

थांबा. खालून जतचा हाका मारतोय. त्याला म्हटलं होतं आज मला बोलवू नको. "आरं ये की खाली! एक म्हातारी आलीया तुला विचारत. हातात पिशवी हाय, उंब्रजनं एकटीच एसटीनं आलीया म्हनती, आन् पाणी दिलं तर घेत न्हाई, आधी पोराला बघू दे म्हनती."