हाउबोल्ड-प्रकाश

४ मार्च
आजही मेले! माझे क्वांटम डॉट, म्हणजे उजेड देणारे अतिसूक्ष्म कण, छान चमकत होते, मी इलेक्ट्रॉनचा झोत जरा वेळ त्यांच्यावर सोडला — विझले. मायक्रोस्कोपमध्ये त्यांचा उजेड टिपायचा तर झोत सोडायलाच हवा, आणि झोतानेच ते मरतात. या मढ्यांवर मला जूनमध्ये डॉक्टरेट मिळवायची आहे!

माझे प्राध्यापक हाउबोल्ड मला म्हणतात, "फ्राउ फोक्ट, त्यांच्याकडे जरा प्रेमाने बघा." स्वतः बघायला या म्हणावं.

९ मार्च
विझत नाहीये! तांबड्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा उजेड, पण डिटेक्टरवर लख्ख. झोत कितीही मारा, ढिम्म! हाउबोल्ड चक्क खुर्चीतून उठले. एरवी फक्त जेवायला उठतात. "सगळीकडे सारखाच उजेड! डॉट किती एकसारखे झालेत बघा!"

१७ मार्च
उजेडाचं नाव ठरलं: हाउबोल्ड-प्रकाश. सुचवलं कोणी? हाउबोल्डनी. लेख छापायला गेला. पेपरात फोटोही आला — त्यात माझं कोपर आहे. आईने कापून ठेवला.

२ एप्रिल
सहज म्हणून रिकामी चकती ठेवली, एकही डॉट नसलेली. तीही चमकते!! यंत्राच्या आत नमुना बघायला छोटा कॅमेरा असतो, त्याचा दिवा मोजमापाआधी बंद करायचा. ९ मार्चपासून मी तो केलेलाच नाही. बंद केला — मिट्ट अंधार.

शेजारच्या टेबलावरचा तिलो म्हणाला, "गप्प बस ना बाई! जून तरी होऊ दे."

३ एप्रिल
चूक करेल त्याने केक आणायचा, असा आमच्याकडे रिवाज. खसखशीचा केक नेला. "आज कोण गाढव?" सगळे हसत होते. मी सांगितलं. खाणं थांबलं.

फक्त हाउबोल्ड खात राहिले. तुकडा संपवून म्हणाले, "उद्या पत्र पाठवून लेख मागे घेतो. जूनचं विसरा." दारापर्यंत गेले आणि परत आले — दुसरा तुकडा घ्यायला.

संडासात जाऊन रडले. पण खरं सांगायचं तर हलकंही वाटलं.

४ एप्रिल
पत्र जाणार नाही. आमच्या हाडवैऱ्यांचा, ड्रेस्डेनवाल्यांचा निरोप आलाय: त्यांनाही हाउबोल्ड-प्रकाश दिसला. आमच्या दुप्पट! हाउबोल्ड म्हणाले, परीक्षा जूनमध्येच, परीक्षकही ड्रेस्डेनचेच बोलावू.

तिलोला विचारलं. तो तिथे काम करून आलाय. त्यांच्या यंत्रात कॅमेरे दोन आहेत.