बाटली, रिले आणि उजवा हात

१९ नोव्हें. '९५, रवि.
पाऊस उघडला. पहाटे बाटली पेटवली. बाटली म्हणजे माझ्या नव्या रेडिओ-ॲम्पची ८१३, मद्रासच्या डिस्पोजल बाजारातून आणलेली लष्करी व्हॉल्व्ह. पेटली की खोलीत वेगळा दिवा नको. प्लेटवर दोन हजार व्होल्ट. मीटरचा काटा उजवीकडे जाऊन बसला आणि मी देवाचं नाव घेतलं.
मालवणला बापूंना रेडिओवर मोर्समध्ये हाक मारली. पहिल्या हाकेला उत्तर! गेले दोन महिने प्रत्येक वाक्य तीनदा मागत होते. बँड मेलाय, लहरी लांब पोचत नाहीत हे खरं, पण बापूंचे कानही चाललेत. उभा जन्म जहाजावर मोर्स ऐकण्यात गेला, आता बायकोची हाक ऐकू येत नाही. त्यांच्यासाठीच तर हा राक्षस बांधला. इतकी वर्षं रोज पहाटे बोलतो, तोंड अजून पाहिलेलं नाही; टकटकीच्या लयीवरून एकमेकांचा हात ओळखतो.
बापू : "शेजारी बसल्यासारखा येतोस, तुको."
आणि लगेच : "पण टिंबं जास्त पडताहेत. एस अक्षराची तीन असतात, तुझी चार येतात. रिले बघ."
बघतो. रिले म्हणजे मोर्सची की दाबली की पॉवर जोडणारा खटका. नवं घर म्हटलं की गळती आलीच.

२० नोव्हें.
बँकेतून आल्यावर ॲम्पची पेटी उघडली. नियमाप्रमाणे डावा हात मागे. पुस्तकात लिहितात, एक हात खिशात ठेवा, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून आरपार जाणार नाही. नेसलेल्या वेष्टीला खिसा कुठला? म्हणून पाठीमागे कमरेत खोचतो. उजव्या हातात काठी : बांबू, टोकाला तांब्याचा हूक, हूकची तार जमिनीत. कपॅसिटरला टेकवली की एकदा 'तड्', साठलेली वीज रिकामी. मग हात घालायचा.
आज तड्-तड्-तड् झालं. हूक टेकून राहीना, उडत राहिला. मग घसरला तो भलतीकडेच.
हूकवर गंज आहे बहुतेक. घासला पाहिजे.
सौ. अंबू कॉफी घेऊन दारात उभी होती. 

२१ नोव्हें.
ॲम्पच्या लाइनचा फ्यूज गायब. बोर्डावर नुसता खाचा. शोधून शोधून थकलो, तर देवघरात, कुंकवाच्या करंड्याशेजारी.
"अहो, यापुढे ते माझ्यापाशी असेल. पेटी उघडायची असली तर मला सांगायचं. बंद झाली की मी लावून देईन."
"काय म्हणून?"
"असंच."
फ्यूज देवघरात, ॲम्प खोलीत, आणि मी मध्ये हेलपाटे घालणारा पुजारी. चिडलो. पण दिला नाही तिनं.

२३ नोव्हें.
लिहूनच टाकतो. देवनागरीत लिहितो, इथं तंजावरात घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही.
भीती रिलेची नाही.
नानांचं असंच सुरू झालं होतं. माझे वडील, हस्ताक्षर मोत्यासारखं. आधी कॉफी पिताना टंबलर खालच्या डबऱ्यात, पितळी वाटीत, वाजायला लागलं. किण किण किण. आम्ही हसायचो, नाना ताल धरतात म्हणून. मग सदऱ्याची बटणं लागेनात. मग शेवटी मी भरवायचो.
ते सुरू झालं तेव्हा त्यांचं वय काय होतं? माझ्याएवढंच. चार वेळा हिशेब केला, तेवढंच येतं.
रिलेच असेल. रिलेच आहे.

२ डिसें.
बँकेत नवे कंप्यूटर आलेत, सगळे त्यांच्याभोवती. मी माझ्याच खात्यातून पैसे काढायला स्लिप भरली. मॅनेजर हसत म्हणाले, "राव सार, सिग्नेचर मॅच होत नाही. तुम्ही तुम्हीच ना?" सगळे हसले. मीही. परत सही केली, परत बारीक झाली, शेवटाला मुंगीएवढी. तिसऱ्यांदा मुद्दाम मोठी काढली, ती तर कुणाचीच वाटेना. चालवून घेतली. ओळखीचा माणूस.
घरी येऊन या वहीची मागची पानं पाहिली. दसऱ्याचं अक्षर आणि आजचं. नको होतं पाहायला.

३ डिसें., रवि.
सापडलं!!! रिलेच!
कॉन्टॅक्ट काळा ठिक्कर, स्प्रिंग ढिली. एकदा दाबलं तर दोनदा चिकटते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. टेलिफोनच्या भंगारातला चांगला रिले पडला होता, तो बसवला. इतका हलका झालो की अंबूला फ्यूज मागताना गाणं म्हणत गेलो. तिनं वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं. दुपारी सांबार-भात तीनदा घेतला, वर तळलेला अप्पळम. संध्याकाळी दोघं देवळापर्यंत चालत गेलो. नानांचा विचारसुद्धा आला नाही. म्हणजे आला, पण नुसता नाना म्हणून.
उद्या बापूंना सांगतो.

४ डिसें.
बापू : "अजून आहे."

५ डिसें.
नवीन रिले. नवीन कॉन्टॅक्ट. "अजून आहे." दिवसभर कॅश मोजताना डोक्यात तेच. दोनदा बंडल चुकलं.

९ डिसें.
आठवडाभर पेटी उघडतो, बंद करतो. स्क्रीनचा सप्लाय तपासला. बायसचा. की-ची तार बदलली. सोल्डर सगळं नव्यानं. अंबू दर वेळी फ्यूज पदरात घेऊन दाराशी बसते, भाजी निवडते, मला पाहत राहते. मी पाठ करून बसतो.
एक वाईट विचार आला. बापूंच्या कानातच टिंबं वाजत असतील. म्हातारा माणूस, बहिरा होत चाललाय, कान वाजतात अशा लोकांचे. माझ्यात काही नाही, ॲम्पमध्ये काही नाही, बापू म्हातारे झालेत, एवढंच.
किती बरं वाटलं! आणि मग स्वतःची शरम. पण बरं वाटलं ते वाटलंच.

१० डिसें., रवि.
टेपरेकॉर्डर कपाटावर आहे. दुसऱ्या रिसीव्हरवर स्वतःचंच ऐकून टेप केलं की दोन मिनिटांत उलगडा होईल. बापू नकोत, रिले नको, कुणी नको.
म्हणूनच खाली काढत नाही. काय म्हणावं अशा माणसाला? दोन हजार व्होल्टच्या पेटीत हात घालतो आणि कॅसेटला घाबरतो.

१७ डिसें., रवि.
मार्गळी महिना लागला. पहाटेपासून कोपऱ्यावरच्या पिल्लैयार कोविलचा, गणपतीच्या देवळाचा, भोंगा सुरू. गारवा छान आहे. बापूंशी चार वाक्यं बोललो, त्यांनी टिंबांचा विषय काढला नाही. मीही नाही. 
सहा-साडेसहाला देवळाचे पुजारी गुरुक्कल दारात, ओल्या वेष्टीनिशी.
"सार! स्वामीच्या स्पीकरमध्ये तुमचं टक-टक येतंय. पाट्टु, गाणं मध्येच तुटतंय. बायका विचारतात, आत कोण ठोकतंय?"
माफी मागितली. भोंग्याच्या लांब तारेत माझी पॉवर शिरत असणार. दुपारी जाऊन त्यांच्या ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी दोन कपॅसिटर लावून आलो. गुरुक्कल खूश, प्रसादाच्या पोंगलभाताचा द्रोण दिला.
म्हणजे आज सगळ्या गल्लीनं माझा मोर्स ऐकला. गल्लीला मोर्स येत नाही म्हणून वाचलो.

१८ डिसें.
वाचलो नाही.
अंबू काल पहाटे दारात कोलमची रांगोळी काढत होती. भोंगा तिच्या डोक्यावरच. आज जेवण झाल्यावर, भांडी आवरता आवरता पाठमोरीच म्हणाली,
"काल तुमचं टक-टक ऐकलं मी."
"गुरुक्कलनी सांगितलं. दुरुस्त केलं."
"मला त्यातलं काही समजत नाही. पण लग्न होऊन आल्यापासून स्वयंपाकघरात रोज ऐकते. शेवटी तुम्ही जे वाजवता, निरोपाचं, ते मला पाठ आहे. ते तसं नव्हतं."
"मग कसं होतं?"
नळाखाली पेला विसळत म्हणाली,
"नानांचा डबरा होता तो."
मी ओरडलो. तुला काय कळतं, रिले कळतो का, कॉन्टॅक्ट कळतो का. नको ते सगळं बोललो. तिनं नळ बंद केला, हात पुसले, आणि म्हणाली, "काठी उडाली त्या दिवशी मी दारातच होते. फ्यूज काय म्हणून काढून घेतला, आता तरी समजलं?"
म्हणजे तिला महिन्यापासून ठाऊक आहे. मी रिले उघडत बसलो आणि ती भाजी निवडत माझा हात पाहत बसली.

२० डिसें.
 कॉफी येते, टेबलावर ठेवली जाते. ती आता डबऱ्याशिवाय, नुसत्या पेल्यात देते. पेला वाजत नाही. हे तिनं कधीपासून सुरू केलं? आठवेना. फार दिवसांपासून, वाटतं.

२४ डिसें., रवि.
शेवटची एक शक्यता सुचली. मूर्खासारखी, पण सुचली. डाव्या हातानं पाठवायचं. तोच ॲम्प, तेच बापूंचे कान. डाव्या हातानंही जादा टिंबं पडली तर दोष माझ्या हातात नाही, पेटीत आहे किंवा मालवणात. जन्मभर पाठीमागे बांधून ठेवलेला हात, त्याला की-चा स्पर्श ठाऊक नाही. सराव सुरू. रेघेच्या जागी टिंब, टिंबाच्या जागी विचार. शाळेत पहिल्यांदा पाटी धरल्यासारखं.

३० डिसें.
अंबूला सांगितलं. सगळं. डाव्या हाताचंही. ती म्हणाली, "सरी, बरं." मग म्हणाली, "निकाल काही लागो, पोंगलचा सण झाला की त्रिचीला डॉक्टरकडे जायचं. कबूल?"
कबूल. तंजावरला नको, बँकेतले सगळे भेटतात.

३१ डिसें., रवि.
पहाटे की उजवीकडून डावीकडे सरकवली. अंबू देवघरातून येऊन शेजारी स्टुलावर बसली, पहिल्यांदाच. मनात म्हणत होतो, देवा, चार पडू देत. तिनाची चार पडू देत. ॲम्प बिघडलेला निघू दे, जळू दे, ट्रान्सफॉर्मरसकट जळू दे.
पाठवलं. हळू, अडखळत, बैलगाडीच्या गतीनं.
बापूंचं उत्तर लगेच आलं नाही. मग आलं :
"अक्षरं स्वच्छ. एक टिंब जास्त नाही. पण आपण कोण? तुको कुठं आहे? बरा आहे ना?"
हेडफोन काढून ठेवला. अंबूनं विचारलं, "काय म्हणाले?"   बापूंना उत्तर न देताच बटण बंद केलं. बापू तिकडे एका परक्या माणसाला हाका मारत राहिले असतील.

६ जाने. '९६
आठवडा झाला, रेडिओ लावलेला नाही. प्रकृती बरी नाही असं एक कार्ड बापूंना टाकलं. अंबूकडून लिहून घेतलं असतं, पण तिला देवनागरी येत नाही आणि मला माझं अक्षर त्यांना दाखवायचं नव्हतं. शेवटी इंग्रजीत, बँकेच्या टाइपरायटरवर. एका बोटानं.
रात्री झोप नाही. हात गादीवर ठेवला की स्वतःचाच उद्योग करतो. त्यावर दुसरा ठेवतो. मग दोघं जागे.

१४ जाने., रवि.
भोगी. अंबूनं घरातलं जुनं जाळायला काढलं. चटया, झाडू, फुटकी टोपली. काळा पडलेला रिलेही सुपात टाकला होता. मी परत काढून घेतला. तिनं पाहिलं, हसली, म्हणाली, "ठेवा. त्याची काय चूक!" महिनाभरात पहिल्यांदा दोघं हसलो.

१७ जाने.
उद्या त्रिची. सकाळची बस. डॉक्टर काय करतील? चालायला लावतील, बोटं आपटायला लावतील, गोल काढायला लावतील. नानांना लावलं होतं. मी तिथंच बसलो होतो आणि नानांपेक्षा चांगला गोल काढून दाखवला होता, त्यांना हसवायला.
कदाचित काही वेगळंच निघेल. चहा-कॉफी जास्त. थायरॉइड. बँकेतल्या कृष्णमूर्तीच्या मेहुण्याला थायरॉइडच निघालं.

१८ जाने.
बस आठची. अंबूची पिशवी पहाटेच भरून तयार : इडल्या, पाणी, नानांचे जुने कागद. मी वेष्टी नेसून उगाच फिरत होतो. तिनं माझ्यासमोर फ्यूज धरला.
"अंमळ वेळ आहे. बोलून घ्या त्यांच्याशी."
बाटली तापायला वेळ लागतो. तेवढ्यात की परत उजवीकडे आणली. हाक मारली. हात थरथरला, थरथरू दिला. तिनाची चार पडली, चाराची पाच. सुधारलं नाही, परत पाठवलं नाही. आज डॉक्टरकडे जातोय, एवढंच सांगितलं. कसला डॉक्टर ते सांगितलं नाही.
काही वेळ नुसती खरखर. वाटलं, ऐकू गेलं नाही, ॲम्प गेला, बापूंचे कान गेले.
मग मालवण :
"हां. हा तुको. त्या दिवशी कोण बसला होता?"
अंबूनं विचारलं, "काय म्हणतात?"
"ओळखलं म्हणतात," मी म्हटलं.
निरोपाचं वाजवलं, तिला पाठ असलेलं. ती ऐकत उभी राहिली, मग फ्यूज काढून पिशवीत टाकला, इडलीच्या डब्याशेजारी. आता बसस्टँडला निघतो.